नानांच्या मोटरीची रुंद चाकं

माझे वडील, म्हणजे नाना, जळगावच्या कोर्टात वकील होते आणि कोर्टातून घरी आल्यावरही वकीलच असत. वरणात मीठ जास्त पडलंय हे आईनं कबूल केलं तरी त्यांची उलटतपासणी थांबत नसे. मीठ कुणी टाकलं, टाकताना लक्ष कुठं होतं, चव घेऊन का पाहिली नाही, असं सगळं निघे आणि तोवर वरण गार होई. या माणसाचा जीव दोनच ठिकाणी होता. एक माझी मोठी बहीण, जिला घरातले सगळेच अक्का म्हणत, आणि दुसरी आमची मोटर. त्यातली अक्का त्यांनी गिरणा नदीपलीकडच्या एका खेड्यात देऊन टाकली आणि मोटर ठेवून घेतली.

मोटर विलायती, काळी, आणि वयानं माझ्यापेक्षा बरीच थोरली. कुणा गोऱ्या साहेबानं देश सोडताना विकलेली, मग हातोहात फिरत आमच्याकडे आलेली. तिला पितळी भोंगा होता, दारांना कुरकुर होती आणि चाकं इतकी बारीक होती की आमच्या गल्लीत तिला सगळे चार चाकांची सायकल म्हणत. नानांच्या तोंडावर अर्थात कुणी म्हणत नसे. मी एकदा म्हटलं तर मला कोनाड्याशेजारी उभं करून त्यांनी मोटर आणि सायकल यांतला फरक जेवणाच्या वेळेपर्यंत समजावला होता.

या बारीक चाकांनीच घात केला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला दिवाळीहून मोठा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासरच्या माणसांची गाण्यातून यथेच्छ खोड काढतात. पण मुलगी आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर मुलीनं सासरीच सण काढायचा आणि वर कुणी विचारलं तर हसून दाखवायचं.

अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला नाना स्वतः मुराळी झाले. मोटर घेऊन निघाले, मीही बरोबर होते. जळगावहून पिंप्राळा ओलांडून गेलं की पुढे गिरणा. उन्हाळ्यात नदीत पाणी नावाला आणि वाळू मात्र नजर पोचेल तिथवर. अक्काचं गाव अगदी पलीकडच्या काठावर. बैलगाड्या त्या वाळूतून खुशाल जात होत्या, म्हणून नानांनी मोटरही घातली. मध्यावर गेल्यावर मागची चाकं वाळूत गेली, मग पुढची गेली, आणि मग मोटर कोंबडी अंड्यावर बसते तशी नीट बसली.

पलीकडून अक्काचे सासरे बैलजोडी घेऊन आले. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. मोठ्या पागोट्याचा, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी मोटरीला दोर बांधला, बैलांना हाक घातली आणि मोटर ओढून आमच्याच काठावर आणून ठेवली. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण बैलांमागोमाग निम्मं गाव आलेलं, आणि व्याह्याची चेष्टा करण्याची अशी संधी काय रोज येते? आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "याही, पुढला साले मोटर घर ठेवा आनि बैल जुपीसन या!"

पुढच्या वर्षी मोटर घरी ठेवून बैल जुंपून या, हे ऐकून गाव खदखदून हसलं. नानांच्या काळ्या कोटाच्या खिशातसुद्धा वाळू गेली होती. त्यांचा पारा असा चढला की मी दोन पावलं मागे सरले. "पुढच्या आखाजीला," ते ओरडले, "ही मोटर कुणाच्या बैलाशिवाय तुमच्या दारात येईल! ती दारात उभी राहील तेव्हाच मी माझी मुलगी नेईन. तोवर तिला न्यायला येणार नाही!" आणि मोटर वळवून आम्ही परत आलो. अक्काला न घेता.

हे सगळं घडायला फार वेळ लागला नाही, पण ते निस्तरायला वर्ष गेलं. दिवाळीला आई म्हणाली, आता तरी पोरीला आणा. नाना म्हणाले, नदीला पाणी आहे, मोटर दारात जाऊ शकत नाही. आई म्हणाली, बैलगाडी पाठवा, माझ्या भावाला पाठवते, कुणालाही पाठवते. नाना म्हणाले, बोललो ते बोललो. मग आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. नानांना ते कळायला बरेच दिवस लागले, कारण आमच्या घरी बोलण्याचं बहुतेक काम ते एकटेच करत.

मला अक्का हवी होती. मी त्या वर्षी मॅट्रिकला होते, घरात दुसरं भावंड नव्हतं, आणि नानांना थांबवू शकणारं माणूस या जगात ती एकटी. ते रंगात येऊन कुणाला तरी फैलावर घेत असले की ती खुदकन हसे आणि त्यांचा मुद्दा तिथल्या तिथे गळून पडे. मी हसले तर उद्धट ठरत होते. ती गेल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागे. आता ही आखाजी हुकली तर पुढचं वर्ष काढायचं कसं, याच्या विचारानं मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

तेव्हा सगळं येऊन थांबलं चाकांवर. होळी झाल्यावर नानांनी या प्रश्नात लक्ष घातलं आणि जळगावभर सल्ले मागितले. सल्ले द्यायला आमचं गाव कधीच मागे नव्हतं. एकानं सांगितलं, चाकांना काथ्याचा दोर गुंडाळा. एकानं सांगितलं, वाळूवर गोणपाटं अंथरत जा, मागची उचलायची आणि पुढे टाकायची. शेजारच्या मारवाडी शेठचं मूळ गाव राजस्थानात. त्यांनी फार शांतपणे सांगितलं, "वकीलसाहेब, उंट बांधा पुढे. वाळूत त्याच्यासारखा दुसरा नाही." नानांनी यावर खरंच थोडा विचार केला. मग म्हणाले, "बैल काढून उंट लावला तर व्याही आणखी हसेल."

शेवटी ठरलं की मोटरीला रुंद टायर आणि रुंद चाकं बसवायची. अशी चाकं मिळणार धुळ्याला. आग्रा रोडवरून रात्रंदिवस ट्रक जायचे, म्हणून तिथे टायरवाल्यांची दुकानं ओळीनं होती. निघायच्या आदल्या दिवशी नाना गिरणेवर गेले आणि पोतंभर वाळू घेऊन आले. आई अजून बोलत नव्हती, पण पोतं मोटरीत चढताना बघून तिला राहवलं नाही. "धुळ्याला वाळू मिळत नाही का? तिथली पांझरा नदी काय दुधानं भरलीय?"

नाना म्हणाले, "पांझरेची वाळू गिरणेबद्दल साक्ष देऊ शकत नाही."

पारोळ्याच्या रस्त्यानं आम्ही धुळ्याला गेलो. मी, नाना आणि मागच्या सीटवर वाळू. दुकानाचा शेठ टायरांच्या चळतीवर गादी टाकून बसला होता. नानांनी त्याला नमस्कार केला, दुकानापुढच्या रस्त्याकडेला पोतं ओतलं, हातानं वाळू सारखी केली आणि म्हणाले, "आता एकेक टायर दाखवा." शेठनं गिऱ्हाईकं बरीच पाहिली असतील, पण स्वतःची नदी घेऊन आलेलं हे पहिलंच. तो चळतीवरून खाली उतरला.

नानांची पद्धत अशी. टायर चाकासकट वाळूवर उभा करायचा. दोन हमालांनी तो दोन्हीकडून धरायचा. वर फळी ठेवायची आणि फळीवर मोटरीचा चौथा हिस्सा म्हणून मी आणि दुकानाचा मुनीम यांनी उभं राहायचं. मग टायर वाळूत किती रुततो ते नाना बोटं लावून मोजणार. मुनीम बिचारा लाजाळू माणूस होता. परक्या मुलीशेजारी फळीवर कसं उभं राहायचं म्हणून तो अगदी कडेला सरकला, फळी कलली आणि मी वाळूत पडले. नाना म्हणाले, "तू पडलीस ते सोड. टायर किती रुतला ते मुनीमजींना विचार."

एव्हाना रस्त्यावर गर्दी जमली होती. दोन ट्रकवाले ट्रक उभे करून बघायला आले. कुणी म्हणे पोरीला सर्कशीत घालणार आहेत, कुणी म्हणे सरकारी तपासणी आहे. शेठ मात्र आता रंगात आला होता. त्याला प्रत्येक टायरचं चरित्र पाठ होतं. एक मिलिटरीच्या डिस्पोजलमधला, म्हणजे लष्करानं विकून टाकलेला, रुंद टायर पुढे करून तो म्हणाला, "साहेब, हा बर्माच्या लढाईतून आलाय."

"पाहिलंय कुणी?" नानांनी विचारलं.

"साहेब, त्याच्या अंगावर बघा ना किती वार आहेत!"

वार खरोखरच होते. नानांना पुरावा पटला, पण लगेच हो म्हणायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ट्रॅक्टरचा पुढचा टायर बघितला, तो फार मोठा निघाला. मग एक आणखी रुंद, गुळगुळीत टायर बघितला. तो वाळूत जवळजवळ रुतलाच नाही. मुनीमही खूश झाला. नानांनी त्याच्यावरून मायेनं हात फिरवला आणि विचारलं, "हा कोणत्या मोटरीचा?"

"मोटरीचा नाही साहेब, हा बैलगाडीला लावतात. टायरगाडीला."

तवा लागल्यासारखा नानांनी हात काढून घेतला. बैलगाडीची चाकं लावून आबांच्या दारात जायचं! त्यापेक्षा त्यांनी पायावर बैलाचा पाय देऊन घेतला असता. बर्माची चारही चाकं त्यांनी तिथल्या तिथे घेतली. सकाळपासून त्यांनी वाळू मोजली होती, टायर मोजला होता, मला आणि मुनीमाला मोजलं होतं. फक्त ज्या मोटरीला चाकं लावायची ती तिथेच दुकानासमोर उभी असून तिला कुणी टेप लावली नाही. मलाही ते सुचलं नाही, पण मी मॅट्रिकची मुलगी होते, मला कोण विचारत होतं?

जळगावच्या मिस्त्रीनं चाकं पाहिली आणि आधी तंबाखू मळून घेतली. भोकं जुळत नव्हती. नवी पाडली. मग चाकं बसवली तेव्हा मोटर हातभर उंच झाली आणि चाकं मडगार्डांच्या बाहेर आली. मिस्त्री लांब जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून बघू लागला आणि म्हणाला, "वकीलसाब, पहिले बैठी थी, अब खडी हो गई." नानांना ते फार आवडलं. मोटर उभी राहिली, म्हणजे केसही उभी राहिली.

फिरवून बघितल्यावर दुसरी गोष्ट कळली. उजवीकडे मोटर छान वळे. डावीकडे मात्र थोडं वळवलं तर ठीक, चौकात वळतात तसं पुरतं वळवलं की टायर आतल्या दांड्याला घासून करकरे आणि सुकाणू जागच्या जागी अडे. एकाच बाजूला असं का, हे मिस्त्रीलाही सांगता येईना. त्यानं हातोडा उचलला, दांड्याकडे बघितलं आणि हातोडा परत ठेवला. "साब, राइटला फिरते ना? मग लेफ्टला जायचंच कशाला?"

कुणी शहाणा माणूस असता तर जुनी चाकं परत चढवून घरी गेला असता. नानांनी आखाजीपर्यंतचे दिवस उजवीकडे वळून काढले. आमच्या गल्लीतून कोर्ट डाव्या हाताला. तर कोर्टात निघालेली मोटर आधी उजवीकडे जाई, मग पुन्हा उजवीकडे, बाजारातून फिरून स्टेशनाकडे, तिथून परत उजवीकडे, आणि बऱ्याच वेळानं कोर्टासमोर उगवे. एकदा एक अशील घाईत मोटरीत बसला आणि मोटर स्टेशनाकडे निघालेली बघून त्याला वाटलं, वकीलच आपल्याला घेऊन पळून चालले. त्यानं आरडाओरडा केला. नानांनी त्याला शांतपणे सांगितलं की न्यायाला वेळ लागतो.

मडगार्डांबाहेर आलेली चाकं रस्त्यावरचं जे असेल ते शेजारच्यांना वाटत जात. धूळ तर होतीच, पण शेणही असे. शुभ्र धोतरातले एक व्यापारी आमच्या मोटरीनंतर घरी जाऊन धोतर बदलून आले आणि वाटेत पुन्हा आम्हीच भेटलो, कारण आम्ही गोल फिरून परत येत होतो. ते भांडायला आमच्या घरी आले तेव्हा आईनं त्यांना पन्हं दिलं आणि पहिल्यांदाच नानांच्या विरोधात कुणी तरी बोलतंय म्हणून पूर्ण ऐकून घेतलं. मला तर त्या चाकांची लाज वाटायची. शाळेतल्या मुली मी दिसले की उजवीकडे गिरक्या घेत आणि हसून लोळत. पण मी एक शब्द बोलले नाही. वाळूतून जाऊन अक्काला घेऊन आली की मोटरीनं हवं तर आयुष्यभर उजवीकडे वळावं, मला चालणार होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आईनं विहीणबाईंसाठी आंब्यांची पाटी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मोटर पोचो न पोचो, तू अक्काला घेतल्याशिवाय येऊ नकोस." मी मान हलवली. कसं करायचं ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

गिरणेच्या काठावर नानांनी मोटर थांबवली. टोपी सारखी केली, खाकरले, कोर्टात उभं राहतात तसे सीटवर ताठ बसले आणि मोटर वाळूत घातली. मी डोळे मिटून घेतले. पण मोटर थांबेना. डोळे उघडले तर आम्ही मध्यावर होतो आणि बर्माची चाकं वाळूवरून अशी चालली होती जशी काही घरचीच वाट. टरबुजाच्या वाड्यांतली माणसं हातातलं काम टाकून बघू लागली. नानांनी भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत थांबवली नाही. मीसुद्धा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होते. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालानंही पुढे झाला नाही.

गावात शिरलो. अक्काच्या सासरची गल्ली डाव्या हाताला. ती समोर आली, नानांनी तिच्याकडे बघितलं आणि मोटर सरळ पुढे गेली. पुढे मारुतीचं देऊळ होतं. देवळाला उजवीकडून वळसा घालून परत यायचं, म्हणजे गल्ली उजव्या हाताला येते, असा नानांचा हिशेब. पण देवळाच्या पारावर आबा आणि गावकरी आमचीच वाट बघत बसले होते. वाळूतून भोंगा वाजवत आलेली मोटर बघून त्यांचं तोंड पडलं होतं. आता ती मोटर त्यांच्यासमोरून गेली, देवळामागे नाहीशी झाली आणि दुसऱ्या बाजूनं परत आली. आबांना जरा धीर आला. "याही, आंडेरले लेवाले उनात का देवले फेरा माराले?"

मुलगी न्यायला आलात की देवाला फेरा मारायला, असं ते विचारत होते. नानांनी मोटर उजवीकडे वळवून गल्लीत घातली. आबा आणि निम्मं गाव मागोमाग.

गल्लीत दोन्हीकडे घरांचे दगडी ओटे आणि ओट्यांवर खाटा टाकून वाळत घातलेल्या बिबड्या. ज्वारीच्या त्या पातळ पापड्या उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर घालतात. अक्काचं दार समोर दिसत होतं. हिरवं दार, वर आंब्याचं तोरण. नाना पुटपुटले, "आली, आली." आणि त्याच वेळी डावीकडून दगडावर रबर घासल्याचा आवाज आला, उजवीकडूनही आला, आणि मोटर दोन ओट्यांच्या मध्ये घट्ट बसली. जुनी चाकं असती तर ती सहज गेली असती. रुंद चाकांनी वाळू जिंकली आणि गल्लीत मात्र त्यांना जागा नव्हती. नानांनी मागे घ्यायला बघितलं, तशी ती आणखी अडकली. दोन्ही खाटा हलल्या, आणि आपल्या सगळ्या बिबड्या मोडल्या म्हणून एका बाईनं हंबरडा फोडला, "मन्या बठ्ठ्या बिबड्या मोडाई ग्यात!"

दारं उघडेनात. उघडायला जागाच नव्हती. नाना आत, मी आत, आंबे आत, आणि सगळं गाव मोटरीच्या पुढेमागे. अक्काचं दार चार घरांवर.

आता कुणालाही वाटेल की माणूस लाजून गप्प बसेल. नानांनी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि आपली बाजू मांडायला सुरुवात केली. मोटर बैलाशिवाय आली की नाही? आली. वाळूतून आली की नाही? आली. दारात म्हणजे दाराच्या पायरीला टेकून, असं कुणी म्हटलं होतं का? जिथून दार दिसतं ते दारातच. आबा मोटरीच्या पुढे उभे राहून बाह्या सरसावत म्हणाले, "मोटर उनी नही! मोटर अटकनी शे!" नाना म्हणाले, अडकणं हा येण्याचाच एक प्रकार आहे. गावकऱ्यांचे दोन तट पडले. एक म्हातारा काठीनं मोटरीपासून दारापर्यंतचं अंतर मोजू लागला. आमचे जावई, अक्काचे यजमान, अतिशय गरीब स्वभावाचे. ते कधी वडिलांकडे बघत, कधी सासऱ्यांकडे, आणि मध्येच मोडलेल्या बिबड्या गोळा करत. मी आत घामानं निथळत होते. हे दोघं दिवस मावळेपर्यंत भांडतील आणि अक्का पुन्हा सासरीच राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी रडायला लागले. कुणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हा ते हिरवं दार उघडलं आणि अक्का बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पत्र्याची पेटी. गर्दीनं वाट दिली. ती मोटरीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि पेटी तिनं खाली ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. वर्षभरात ती वाळली होती. मला वाटलं ती आता खुदकन हसेल आणि नाना थांबतील. ती हसली नाही, तरी नाना थांबले.

"नाना," ती म्हणाली, "मागच्या आखाजीला मी हीच पेटी भरून उंबऱ्यावर बसले होते. इथून नदीतलं सगळं ऐकू येतं. मोटरीबद्दल बोललात, बैलांबद्दल बोललात, सगळं ऐकलं मी. माझं नाव घेऊन एक हाक मारली असती, तर मी पायी आले असते."

मग ती सासऱ्यांकडे वळली. सुनेनं सासऱ्याला चारचौघांत बोलण्याचे ते दिवस नव्हते. पण ती त्यांच्याच बोलीत बोलली, आणि अगदी हळू. "आबा, तुम्ही बी बैल धाडात. मले नही."

मोटरीसाठी बैल धाडलेत, मला नाही धाडलंत, एवढंच ती म्हणाली. अंतर मोजणाऱ्या म्हाताऱ्यानं काठी बगलेत धरली. आबांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. सासूबाई पुढे आल्या, अक्काच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "जाय माय, चार दिन सुखमा ऱ्हाय." आणि तेवढ्यात नाना खिडकीतून बाहेर निघाले. काळ्या कोटासकट, आधी डोकं, मग खांदे, मग पोट थोडं अडलं, मग ओट्यावर हात टेकून ते सरपटत बाहेर आले ते थेट राहिलेल्या बिबड्यांवर. कोटाला बिबड्यांचा चुरा लागला. हसण्यासारखं सगळं होतं, आणि एरवी ते गाव महिनाभर हसलं असतं. त्या वेळी कुणी हसलं नाही. त्यांच्यामागून मीही निघाले, आणि आंबे मी आतून एकेक करून जावयांच्या हातात दिले.

मोटर तिथेच राहिली. ती पुढे आखाजी झाल्यावर चाकांतली हवा सोडून आबांनी आणि गावकऱ्यांनी हातानं मागे ढकलून काढली, आणि बैल लावले नाहीत हे आबांनी मुद्दाम सांगून पाठवलं. पण ते नंतर. त्या दुपारी आम्ही तिघं पायीच निघालो. पेटी नानांनी कुणाला घेऊ दिली नाही. ती त्यांनी डोक्यावर घेतली, बूट काढून हातात धरले आणि वाळूत उतरले.

अक्का पुढे, मी तिच्या शेजारी, नाना मागे. कोर्टातून यायच्या वाटेवरही स्वतःशी बोलणारा हा माणूस, आणि मागून नुसता वाळूत पाय ओढल्याचा आवाज येत होता. मी अक्काचा हात घट्ट धरला होता, लहानपणी धरायचे तसा, आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती.

नदीच्या मध्यावर मागचा आवाज थांबला. आम्ही वळून बघितलं नाही. मग नानांनी, आम्ही जेमतेम दोन हात पुढे असताना, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली.

"अक्काऽऽ! आखाजीला घरी चल गं!"

अक्का थांबली. मग "आले, नाना," म्हणत ती मागे गेली, त्यांच्या डोक्यावरची पेटी तिनं खाली उतरवली आणि तिचं एक कडं स्वतः धरून दुसरं त्यांच्या हातात दिलं.